इंजिन मागे का गेलं? रेनोच्या छोट्या गाड्यांपासून नॅनोपर्यंत

(भिवंडी येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं, भिवंडीत बसून फ्रान्समधल्या सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या मोटारीचं आम्ही काय करायचं? रास्त प्रश्न आहे. पण तुमच्यातले निम्मे लोक आज इथे रिक्षानं आले असतील. त्या रिक्षाचं इंजिन कुठे होतं? तुमच्या पाठीमागे. बजाजच्या रिक्षावर 'आरई' लिहिलेलं असतं, ते 'रिअर इंजिन'. म्हणजे इंजिन मागे टाकायची कल्पना तुम्हाला परकी नाही, रोजची आहे. प्रश्न एवढाच, की चार माणसांच्या कुटुंबाची गाडी काढताना ती कल्पना कुणी वापरली, का वापरली, आणि तिची किंमत कुणी मोजली. त्यासाठी फ्रान्सला जावं लागतं, आणि परत पुण्याला यावं लागतं.

आधी यंत्राचं बोलू, कारण भिवंडीकरांना यंत्र समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना जुन्या कारखान्यातला लाइन शाफ्ट माहीत असेल. कोपऱ्यात एक मोठी मोटर, छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा लांबच लांब शाफ्ट, आणि त्यावरून एकेका मागाला उतरणारे पट्टे. अर्धी ताकद त्या शाफ्टला फिरवण्यातच जायची. मग प्रत्येक मागाला स्वतःची छोटी मोटर आली आणि शाफ्ट गेला. जागा मोकळी झाली, खडखडाट कमी झाला, पट्ट्यात हात अडकायचे थांबले.

जुन्या पद्धतीच्या मोटारगाडीत हाच लाइन शाफ्ट आहे. इंजिन पुढे, चाकांना ओढ द्यायची मागे, म्हणून मधून प्रोपेलर शाफ्ट. तो जायला गाडीच्या तळात उंचवटा करावा लागतो. मोठ्या गाडीत चालतं. साडेतीन मीटरच्या गाडीत त्या उंचवट्यानं मागच्या मधल्या माणसाचे पाय मांडीशी येतात. शाफ्टचं वजन वेगळं, सांध्यांचा खर्च वेगळा.

मग शाफ्ट काढायचा कसा? दोनच रस्ते. एक, पुढच्या चाकांनाच ओढ द्यायची. सित्रोएननं १९३४ साली ते करून दाखवलं, पण पुढची चाकं वळतातही आणि फिरतातही, त्यासाठी जे सांधे लागतात ते त्या काळी महाग होते आणि लवकर झिजत. त्या गाडीच्या खर्चात सित्रोएन कंपनी दिवाळखोरीत गेली. दुसरा रस्ता, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एक गाठोडं करून मागच्या चाकांपाशी ठेवायचं. शाफ्ट नाही, उंचवटा नाही, वळणाऱ्या चाकांचे महागडे सांधे नाहीत. युरोपातल्या स्वस्त गाड्यांनी हा दुसरा रस्ता धरला. जर्मनीची फोक्सवॅगन, इटलीची फियाट ६००, आणि फ्रान्समध्ये रेनो.

रेनोची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण ती युद्धातली आहे.

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स घेतला. पॅरिसला लागून बियांकूर इथे रेनोचा प्रचंड कारखाना होता, तो जर्मन देखरेखीखाली गेला. हुकूम असा, की लष्करासाठी ट्रक काढा, खाजगी मोटारींवर काम करायचं नाही. कारखान्याचा मालक लुई रेनो. युद्धाआधी बर्लिनच्या प्रदर्शनात त्यानं जर्मनांची लोकगाडी पाहिली होती आणि ती त्याच्या डोक्यात बसली होती. त्याचे इंजिनिअर, त्यातला फेर्नां पिकार हा मुख्य, त्यांनी चोरून एका छोट्या गाडीची आखणी सुरू केली. युद्ध संपलं की लोकांकडे पैसा नसेल, पेट्रोल नसेल, पण जायचं-यायचं तर असेलच, असा त्यांचा हिशेब. युद्ध चालू असतानाच पहिला नमुना रस्त्यावर फिरला.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस सुटलं. पुढच्याच महिन्यात लुई रेनोला शत्रूशी हातमिळवणीच्या आरोपाखाली अटक झाली, आणि खटला उभा राहायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, तो मेला. जानेवारी १९४५ मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला. म्हणजे चोरून आखलेली गाडी आता सरकारी झाली. प्रमुख म्हणून आला प्येर लफोशो, जर्मनांविरुद्ध भूमिगत लढलेला माणूस. कंपनीतल्या अनेकांना मोठी, महाग, नफ्याची गाडी हवी होती. लफोशोनं छोटी गाडी उचलून धरली.

इथे एक उपकथा आहे, ती लोक फार तिखटमीठ लावून सांगतात. फोक्सवॅगनचा जनक फर्डिनांड पोर्शे युद्धानंतर फ्रेंचांच्या हाती लागला. त्याला रेनोची नवी गाडी दाखवून सल्ला विचारण्यात आला. त्यावरून 'रेनोची गाडी पोर्शेनंच केली' अशी आवई उठली. खरं म्हणजे आखणी तोवर जवळजवळ पुरी झाली होती, आणि ज्यांच्याशी आपण लढलो त्यांच्याच माणसाला विचारायचं, हे लफोशोला अजिबात रुचलं नव्हतं. कल्पना जर्मनांची बघितलेली होती, हे मात्र मान्य करायला हवं. इंजिन मागे ठेवण्यावर कुणाचं पेटंट नव्हतं.

ऑक्टोबर १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी आली. नाव 'कात्र शेव्हो', म्हणजे चार घोडे, लिहितात 'फोर सीव्ही'. हे घोडे कराच्या हिशेबातले, खऱ्या ताकदीचे नव्हेत. चार दरवाजे, पाउण लिटरचं इंजिन, पाण्यानं थंड होणारं. रेडिएटरही मागेच. गाडीच्या नाकावर चकचकीत पट्ट्या लावल्या होत्या, जणू आत रेडिएटर आहे. आत होती डिक्की. गिऱ्हाइकाला नाकाशिवाय गाडी बघवत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं! सुरुवातीच्या गाड्या सगळ्या पिवळट, वाळूच्या रंगाच्या. रोमेलच्या आफ्रिकेतल्या फौजेसाठी असलेला रंग शिल्लक पडला होता, तोच मारला असं सांगतात. लोकांनी नाव ठेवलं 'लोण्याचा गोळा'.

आणि तो गोळा खपला. घ्यायला रांगा लागल्या. १९६१ पर्यंत अकरा लाखांच्या वर गाड्या निघाल्या. दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ही पहिली फ्रेंच गाडी. जपानमध्ये हिनो कंपनीनं १९५३ पासून परवान्यावर ती काढली, आणि तिथल्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. हिनो आज ट्रकसाठी प्रसिद्ध आहे, पण मोटारगाडी करायला ते या लोण्याच्या गोळ्यावर शिकले.

लफोशो फेब्रुवारी १९५५ मध्ये बर्फाळ रस्त्यावरच्या मोटार अपघातात गेला. स्वतः गाडी चालवत होता. तोवर धाकटी बहीण तयार होत आली होती. तिचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा चालू असताना कुणीतरी म्हणालं, फोर सीव्ही ही रस्त्याची राणी, मग ही 'डोफीन'. डोफीन म्हणजे युवराज्ञी. मार्च १९५६ मध्ये ती बाजारात आली.

डोफीनबद्दल एक गोष्ट भिवंडीत सांगितलीच पाहिजे. तोवर फ्रेंच गाड्या म्हणजे काळ्या, करड्या, आतून घोंगडीच्या रंगाच्या. पोल मारो नावाची एक बाई होती, कापडावरच्या नक्षीची कलावंत, पडदे आणि बैठकीच्या छापील कापडांसाठी नावाजलेली. तिनं रेनोला सांगितलं, तुमच्या गाड्या उदास दिसतात. कंपनीनं तिलाच कामाला लावलं. डोफीनचे फिके पिवळे, निळे, लाल रंग आणि आतली कापडं यांत तिचा हात आहे. आपण इथे कोरं कापड विणतो, रंग आणि छपाई पुष्कळदा दुसऱ्या गावची. त्या रंगछपाईच्या जाणकारीनं एका मोटारीचं नशीब फिरवलं, एवढं लक्षात ठेवा.

इतर गमती भरपूर. हॉर्न दोन, शहरासाठी हळू, गावाबाहेर मोठा, बटण फिरवून बदलायचा. (आपल्या अंजूर फाट्यावर दुसराच चालला असता.) स्टेपनी पुढे, बंपरखालचं झाकण उघडून बाहेर ओढायची. ८४५ सीसीचं इंजिन, तीन गिअर. १९५८ ची मॉन्टे कार्लो रॅली डोफीननं मारली, बर्फावर. मागच्या चाकांवर वजन असेल तर निसरड्यावर पकड चांगली मिळते, याचा तो पुरावा. १९६७ पर्यंत जगभर मिळून एकवीस लाखांच्या वर डोफीन निघाल्या. इटलीत अल्फा रोमिओनं जुळणी केली, ब्राझीलमध्ये विलिजनं.

आता दुसरी बाजू.

सायकलच्या कॅरिअरवर कापडाचे तागे रचून कधी चालवलीय? हँडल हलकं पडतं. सरळ जाताना ठीक, वळलात की मागचं ओझं तुम्हाला वळणाच्या बाहेर ढकलतं. डोफीनमध्ये तेच. निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकांवर, आणि इंजिन तर मागच्या एक्सलच्याही मागे लटकलेलं. वेगात वळण घेतलं की शेपूट आधी सुटतं. पुढचं टोक सुटलं तर माणूस घाबरून ब्रेक मारतो, वेग उतरतो, बहुधा निभावतं. शेपूट सुटलं तर स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं, आणि ते साध्या माणसाला त्या क्षणी सुचत नाही.

त्यात भर पडली एक्सलची. स्वस्तात करायचं म्हणून मागे जो एक्सल होता त्याला सांधा फक्त मधे, गिअरबॉक्सपाशी. आता जरा सगळ्यांनी उजवा हात खांद्यातून सरळ बाजूला काढा. कोपर वाकवू नका, मनगट वाकवू नका, बोटं वर करा. तळहात म्हणजे चाक. आता हात खाली न्या. बघा, तळहात कसा तिरका होऊन आत वळतो? जोरात वळताना गाडीचं मागचं अंग वर उचललं जातं आणि चाक असंच पोटाखाली ओढलं जातं. टायरची कडा तेवढी जमिनीला लागते. मग पकड गेलीच. (हशा) हात खाली घ्या आता.

कारखान्याला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय ऐका. पुढच्या टायरमध्ये हवा मुद्दाम बरीच कमी ठेवायची, मागच्या टायरमध्ये जास्त. हवा कमी असलेला टायर वळणावर बाजूला दबतो, म्हणून पुढचं टोक थोडं आळसावल्यासारखं वळतं, आणि शेपटाच्या आधी तेच सैल पडतं. हिशेबानं बरोबर उपाय. पैसाही लागत नाही.

पण तो उपाय राहतो कुणाच्या हाती? पंक्चरवाल्याच्या. तो चारही चाकांत सारखीच हवा भरतो, जगभर भरतो. गाडी चालवणाऱ्याला वाटतं, पुढचा टायर बसलाय, भर रे दोन पौंड जास्त. आणि त्या दोन पौंडांत कारखान्याचा सगळा हिशेब पुसला जातो. पुढच्या डिक्कीत वाळूची किंवा सिमेंटची गोणी ठेवायची, म्हणजे नाक जड होतं, असा देशी उपायही तिथे लोक करत असं सांगतात. पुढे रेनोनं रबराच्या जादा स्प्रिंगा बसवून सुधारणा केली. अमेरिकेत शेव्हर्लेनं १९६० साली कॉर्व्हेर नावाची मागच्या इंजिनाची गाडी काढली, तिथेही सुरुवातीला तसाच एक्सल आणि तसाच हवेचा तोडगा. राल्फ नेडर या वकिलानं १९६५ च्या आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्यावरच लिहिलं. कारखान्यानं पैसे वाचवले आणि जोखीम गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकली, हे त्याचं म्हणणं. माझं मतही त्याच बाजूला झुकतं. जो उपाय गिऱ्हाइकाला कळलाच नाही तो उपाय कागदावरचा.

अमेरिकेत डोफीनचंही हसं झालं, पण ते वेगळ्या कारणांनी. १९५९ साली तिथे ती लाखाच्या आसपास खपली. पण तिथले रस्ते लांब, वेग मोठा, आणि हिला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचायला अर्धं मिनिट लागायचं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पत्रा गंजायचा. सुटे भाग मिळायचे नाहीत, दुरुस्ती जाणणारे मेकॅनिक नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकन कंपन्यांनी स्वतःच्या छोट्या गाड्या आणल्या आणि डोफीन बंदरांवर साचून राहिल्या. नुसती गाडी विकून होत नाही. मागे पार्टचं दुकान आणि मिस्त्री लागतो, हे गोदामांच्या या गावाला मी काय सांगणार.

इकडे युरोपात दुसरा रस्ता, पुढच्या चाकांना ओढ देण्याचा, तोवर सोपा झाला. सांधे स्वस्त आणि टिकाऊ झाले. १९५९ मध्ये इंग्लंडची मिनी आली, १९६१ मध्ये रेनोनंच पुढच्या चाकांवर चालणारी 'रेनो ४' काढली. तिच्या मागे सपाट जागा, मोठा दरवाजा, बटाट्याची पोती टाका की सोफा टाका. मागे इंजिन असतं तर ते जमलं नसतं. १९६२ ची 'रेनो ८', चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली, ही मागच्या इंजिनाची पुढची पिढी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रेनोच्या फ्रान्समधल्या छोट्या गाड्यांतून ती पद्धत संपत आली.

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं? सरकारचं धोरण असं, की परदेशी गाड्यांची नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथे बनवायचा कार्यक्रम द्यावा, नाहीतर निघावं. जनरल मोटर्स शिवडीतला कारखाना बंद करून गेली. राहिल्या अँबॅसिडर, कुर्ल्याची प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. स्वस्त गाडीची चर्चा वर्षानुवर्षं कमिट्यांत. आपल्यासारख्याच मागाच्या गावात, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसानं 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः तयार केली, एकामागून एक नमुने काढले. कारखान्यापर्यंत ती पोचली नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आणि मग नॅनो.

पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुलं चाललेली बघून रतन टाटांच्या मनात ही गाडी आली, हे तुम्ही ऐकलेलं आहे. पुण्यात टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या चमूनं ती आखली. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत दाखवली, लाखाची गाडी म्हणून. इंजिन ६२४ सीसी, दोन सिलिंडर, मागच्या सीटखाली. स्टेपनी पुढे. पेट्रोल भरायचं झाकण बॉनेटखाली. वायपर एक. चाकाला नट तीन. लांबी ३.१ मीटर, म्हणजे फोर सीव्हीपेक्षाही अर्धा मीटर कमी, आणि आत उंच माणूस ऐसपैस बसतो. साठ वर्षांनंतर तोच हिशेब: शाफ्ट नको, उंचवटा नको, आतली जागा वाढवा, खर्च उतरवा.

पण एक फरक केला, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या इंजिनिअरांना डोफीनच्या शेपटाची गोष्ट माहीत असणारच. त्यांनी मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म दिला, चाक पोटाखाली ओढलं जाणार नाही असा. आणि पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद दिले. पुढे १३५, मागे १५५. हवेवर सोडलेली गोष्ट त्यांनी रबरात पक्की केली. दोन मापांचे टायर ठेवणं कंपनीला गैरसोयीचं असतं, लाखाच्या गाडीत तर प्रत्येक रुपया मोजलेला. तरी ते केलं.

मग गाडी पडली का? इंजिन मागे होतं म्हणून नव्हे. सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला, साणंदला नव्यानं उभारायला जून २०१० उजाडला. दोन लाखांवर बुकिंग झालेलं, आणि द्यायला गाड्या नाहीत. २०१० मध्ये काही गाड्यांनी पेट घेतला, कंपनीनं एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, पण टीव्हीवर जळती गाडी एकदा दिसली की दिसली. किंमतही लाखावर राहिली नाही. तेवढ्या पैशात जुनी मारुती मिळत होती. आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का. तो शिक्का ही चूक होती असं टाटांनी स्वतः नंतर सांगितलं. फोर सीव्ही घेणाऱ्या फ्रेंच माणसाच्या शेजाऱ्याकडेही गाडी नव्हती, युद्धानं सगळ्यांना एका रांगेत आणलं होतं. तिथे छोटी गाडी घेण्यात कमीपणा नव्हता. आपल्याकडे गाडी सोयरिकीत मोजतात. जून २०१८ मध्ये संपूर्ण महिन्यात एकच नॅनो बनली.

दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो आणि थांबतो.

पहिली: 'इंजिन मागे म्हणून समोरून धडकल्यावर नॅनो असुरक्षित होती का?' २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं चाचणी घेतली, नॅनोला शून्य तारे मिळाले. पण त्याच फेरीत पुढे इंजिन असलेल्या अल्टो ८०० लाही शून्यच. तेव्हा दोष इंजिनाच्या जागेचा म्हणता येत नाही. सांगाडा किती भक्कम केला, एअरबॅग दिल्या का, हे प्रश्न आहेत.

दुसरी: 'सेकंड हँड नॅनो मिळतेय, घेऊ का?' गाडी बघितल्याशिवाय मी हो-नाही म्हणणार नाही. पण बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी खाली वाका आणि टायरवरचा आकडा वाचा. पुढे १३५, मागे १५५ असायला हवा. कुणीतरी चारही एकाच मापाचे चढवलेले असतील, तर आधी ते बदलून घ्या. आणि हवा भरताना उभे राहा तिथेच, पुस्तिकेतला पुढचा-मागचा आकडा वेगवेगळा सांगा. पंक्चरवाला चारही सारखी करायला निघेल, त्याला थांबवा.